डोव्हरच्या शाळेतील साठ पुस्तके

डार्विनचे नाव निघाले की आमच्या पुष्कळ कॅथलिक घरांत आजही एक अवघडलेली शांतता पसरते. मूल विचारते, "माणूस माकडासारख्या प्राण्यापासून झाला असे शाळेतल्या बाई सांगतात, आणि धर्मशिक्षणाच्या वर्गात आदाम-एवेची गोष्ट सांगतात, मग खरे कोणते?" वडील वर्तमानपत्रात डोके घालतात; आई "फादरांना विचार" म्हणून स्वतःची सुटका करून घेते. ह्या संकोचामागे एक समजूत दडलेली असते. एका बाजूला श्रद्धा, दुसऱ्या बाजूला विज्ञान, अशी लढाई जुंपलेली आहे आणि सच्च्या ख्रिस्ती माणसाने कोठे उभे राहावयाचे ते ठरून गेलेले आहे, अशी ती समजूत. ती किती कच्ची आहे हे अमेरिकेतील एका लहानशा गावाच्या खटल्याने २००५ साली जगापुढे आले. त्या खटल्याची हकीकत आम्ही आज वाचकांपुढे मांडीत आहोत.

पेनसिल्व्हेनिया राज्याच्या यॉर्क परगण्यात डोव्हर हे गाव आहे. अमेरिकेत सरकारी शाळांचा कारभार स्थानिक मतदारांनी निवडून दिलेली शाळामंडळे पाहतात. डोव्हरच्या मंडळात नऊ सभासद होते. २००४ च्या उन्हाळ्यात नववीच्या वर्गासाठी जीवशास्त्राचे नवे पाठ्यपुस्तक घेण्याचा विषय मंडळापुढे आला. शिक्षकांनी केनेथ मिलर व जोसेफ लेव्हिन ह्यांचे सर्वमान्य पुस्तक सुचविले होते. अभ्यासक्रम समितीचे अध्यक्ष विल्यम बकिंगहॅम ह्यांना ते पसंत पडेना. त्यात पानोपानी डार्विन भरलेला आहे, अशी त्यांची तक्रार होती. जून महिन्यातील एका सभेत ते म्हणाले की, दोन हजार वर्षांपूर्वी कोणी एक क्रुसावर मरण पावला. त्याच्या बाजूने आज कोणी उभे राहू शकत नाही काय?

हे उद्गार ऐकून कोणत्या ख्रिस्ती माणसाचे मन हलणार नाही? तेव्हा बकिंगहॅम ह्यांच्या कळकळीविषयी आम्ही येथे शंका घेत नाही. त्या कळकळीचे पुढे काय झाले, तेवढेच पाहावयाचे आहे.

१८ ऑक्टोबर २००४ रोजी मंडळाने ६ विरुद्ध ३ मतांनी ठराव केला की, डार्विनच्या सिद्धान्तातील उणिवा आणि 'बुद्धिपुरस्सर रचना' ह्या नावाचा दुसरा विचार ह्यांची विद्यार्थ्यांना जाणीव करून द्यावी. सजीवांतील काही यंत्रणा इतक्या गुंतागुंतीच्या आहेत की त्या नैसर्गिक क्रमाने घडणे शक्य नाही, कोणा बुद्धिमान रचनाकारानेच त्या रचलेल्या असल्या पाहिजेत, असा हा विचार. हा रचनाकार कोण, ते मात्र त्याचे पुरस्कर्ते पुस्तकात लिहीत नाहीत. ठरावाविरुद्ध मत देणाऱ्यांपैकी ब्राऊन पतिपत्नींनी त्याच सभेत राजीनामे दिले. "तुमचा पुनर्जन्म झाला आहे काय?" असे, म्हणजे विशिष्ट पंथाच्या अर्थाने आपण खऱ्या ख्रिस्ती आहोत काय असे, आपणास वर्षभरात दोनदा विचारण्यात आले, हे श्रीमती ब्राऊन ह्यांनी राजीनामा देताना सांगितले. शाळेच्या कारभाऱ्याला असा प्रश्न करण्याचा अधिकार कोणालाही नाही, हे त्यांचे म्हणणे.

मग एक निवेदन तयार झाले. वाचावयास फार तर एक-दोन मिनिटे लागतील एवढेच ते होते. डार्विनचे मत ही 'थिअरी' आहे, वस्तुस्थिती नव्हे. त्यात काही रिकाम्या जागा आहेत. 'बुद्धिपुरस्सर रचना' हे जीवोत्पत्तीचे निराळे स्पष्टीकरण असून ज्यांना ते समजून घ्यावयाचे असेल त्यांच्यासाठी 'ऑफ पांडाज अँड पीपल' हे पुस्तक शाळेत ठेवलेले आहे, असा त्याचा आशय होता. ह्या पुस्तकाच्या ६० प्रती कोणा अज्ञात दात्याने शाळेला भेट दिल्या होत्या. त्या साठ प्रती वाचकांनी ध्यानात ठेवाव्यात.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. ह्या निवेदनाची सारी मदार 'थिअरी' ह्या एका इंग्रजी शब्दावर होती. व्यवहारातल्या इंग्रजीत त्याचा अर्थ नुसता तर्क, अंदाज असा होतो. विज्ञानात मात्र असंख्य निरीक्षणांना एका सूत्रात ओवणारे, पुन्हा पुन्हा कसोटीस उतरलेले स्पष्टीकरण असा होतो. आमच्या मराठीत त्याला 'सिद्धान्त' म्हणतात. ज्याचा शेवट सिद्ध झाला तो सिद्धान्त. "हा केवळ सिद्धान्त आहे, खरा नव्हे" असे मराठीत म्हणून पाहा. वाक्य जिभेवरच अडखळते. डोव्हरचे निवेदन मराठीत लिहावयाचे असते तर लिहिणाऱ्याची मोठी पंचाईत झाली असती!

जीवशास्त्राच्या शिक्षकांनी हे निवेदन वाचण्यास नकार दिला. विद्यार्थ्यांपुढे विषयाचे जाणूनबुजून विपरीत चित्र उभे करावयाचे नाही, हा त्यांच्या राज्याच्या शिक्षक-आचारसंहितेतला नियम होता. त्याचाच आधार त्यांनी घेतला. आपण हे वाचले तर मुले त्याला विज्ञान समजतील आणि मग आपल्या इतर शब्दांवर त्यांनी का विश्वास ठेवावा, असा त्यांचा सवाल होता. त्यांची नोकरी त्या मंडळाच्याच हातात होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या पत्राचे मोल कळते. अखेर जानेवारी २००५ मध्ये शाळेचे अधिकारी स्वतः वर्गात आले, निवेदन वाचले आणि निघून गेले. प्रश्न विचारण्यास मनाई होती. ज्या मुलांच्या पालकांनी हरकत घेतली होती ती तेवढ्यापुरती वर्गाबाहेर जाऊन उभी राहिली. शिक्षकही बाहेर गेले.

त्यापूर्वीच, १४ डिसेंबर २००४ रोजी, अकरा पालकांनी संघराज्याच्या न्यायालयात दावा लावला होता. गावात त्यांना नास्तिक म्हणण्यात आले. वास्तविक त्यांच्यातील एक जोडपे आपल्या चर्चमध्ये मुलांचा सुट्टीतील बायबलवर्ग चालवीत असे. दुसऱ्या एका मातेने साक्षीत सांगितले की, आपली मुलगी शाळेतून घरी आली आणि म्हणाली, उत्क्रांती म्हणजे निव्वळ खोटे आहे. आई, तू कसली ख्रिस्ती? शाळेच्या वर्गात कोणाचा धर्म खरा हे ठरू लागले म्हणजे तो वाद किती लवकर घरात येऊन आईच्या पुढ्यात उभा राहतो, हे ह्या एका वाक्यात आले.

आता कोणी विचारील, दोन मिनिटांच्या वाचनाने असे काय आभाळ कोसळले? ह्याचे उत्तर समजण्यासाठी अमेरिकेच्या इतिहासात थोडे मागे जावे लागते. आणि त्या इतिहासाचे एक रक्ताळलेले पान आपल्या कॅथलिक बांधवांचेच आहे. एकोणिसाव्या शतकात पेनसिल्व्हेनियाच्या सरकारी शाळांतून रोज बायबल वाचले जाई. परंतु ते प्रॉटेस्टंटांचे बायबल. फिलाडेल्फियाचे बिशप फ्रान्सिस केन्रिक ह्यांनी १८४२ साली शाळाधिकाऱ्यांना पत्र लिहून विनंती केली की, कॅथलिक मुलांना त्यांची मान्य प्रत वाचू द्यावी आणि परपंथीय धर्मशिक्षणातून वगळावे. मागणी एवढीच होती. तिचा विपर्यास होऊन 'कॅथलिक लोक शाळांतून बायबल हाकलीत आहेत' अशी हाकाटी उठली, आणि मे १८४४ मध्ये दंगली पेटल्या. आयरिश कॅथलिकांची घरे जळाली, माणसे मेली. संत मायकल व संत ऑगस्टीन ह्यांच्या नावांची दोन चर्चे जमावाने जाळून टाकली. अमेरिकेतील कॅथलिकांनी पै पै जमवून स्वतःच्या धर्मग्रामांच्या शाळा उभारल्या, त्याच्या मागे ही आग आहे. केन्रिक ह्यांच्यानंतर फिलाडेल्फियाच्या बिशपपदी आलेले संत जॉन न्यूमन हे त्या शाळांच्या उभारणीसाठीच प्रसिद्ध आहेत. सरकारी शाळांतील रोजचे बायबलवाचन मात्र पुढेही चालू राहिले. पेनसिल्व्हेनियाचा त्याविषयीचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली रद्द केला.

तेव्हा शासनाने कोणत्याही धर्माची प्रतिष्ठापना करू नये, ह्या १७९१ च्या घटनादुरुस्तीतील तत्त्वाने धर्माचे नुकसान झाले, असे निदान अल्पसंख्य श्रद्धावंताने तरी म्हणू नये. सरकारी शाळा ही सर्वांच्या घरांमधली सामाईक ओसरी आहे. तिच्यावर आज आपला देव्हारा मांडण्याची मुभा आपण घेतली, तर उद्या दुसऱ्याने आपला मांडला असता तक्रार करावयास तोंड राहत नाही.

उत्क्रांतीपुरते बोलावयाचे तर कथा १९२५ पासूनची. त्या वर्षी टेनेसी राज्यात जॉन स्कोप्स नावाच्या तरुण शिक्षकाला उत्क्रांती शिकविल्याबद्दल १०० डॉलर दंड झाला. त्या खटल्यावर नाटके-चित्रपट निघाले, म्हणून तो सर्वांस ठाऊक. पण त्याने काहीच निकालात निघाले नाही. दंड १९२७ साली एका तांत्रिक मुद्द्यावर रद्द झाला आणि कायदा १९६७ पर्यंत तसाच राहिला. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी बंदी घटनाबाह्य ठरविली. बंदी गेली, तेव्हा दुसरी युक्ती निघाली: उत्पत्तीच्या पुस्तकाचा शब्दशः अर्थ 'निर्मिति-विज्ञान' ह्या नावाने उत्क्रांतीच्या बरोबरीने शिकवावा. आर्कान्सा राज्याने १९८१ मध्ये तसा कायदा केला. त्याला न्यायालयात आव्हान देणारे कोण होते? त्या राज्यातील मेथडिस्ट, एपिस्कोपल व आफ्रिकन मेथडिस्ट बिशप, आणि त्यांच्या पंक्तीला कॅथलिक बिशप! १९८२ च्या जानेवारीत तो कायदा रद्द झाला. लुइझियाना राज्याच्या तशाच कायद्याला सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये ७ विरुद्ध २ मतांनी मूठमाती दिली.

हे साल डोव्हरच्या खटल्यात फार उपयोगी पडले. खटला हॅरिसबर्ग येथे २६ सप्टेंबर २००५ रोजी सुरू झाला. पंच नव्हते, निर्णय एकट्या न्यायमूर्ती जॉन जोन्स ह्यांनी द्यावयाचा होता. ते रिपब्लिकन पक्षाचे, अध्यक्ष जॉर्ज बुश (धाकटे) ह्यांनी नेमलेले, स्वतः लूथरन पंथाचे. शाळामंडळाच्या बाजूच्या लोकांना त्यांच्याविषयी मोठी आशा वाटली असल्यास नवल नाही.

वादींच्या बाजूने लुइझियानातील तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापिका बार्बरा फॉरेस्ट साक्षीस आल्या. त्या साठ प्रती ज्या पुस्तकाच्या होत्या त्याचे जुने कच्चे खर्डे प्रकाशकाकडून न्यायालयात मागविण्यात आले होते. फॉरेस्टबाईंनी ते ओळीओळीने ताडून पाहिले. १९८७ च्या निकालापूर्वीच्या खर्ड्यांत सर्वत्र 'क्रिएशन', 'क्रिएशनिस्ट्स' असे शब्द होते. निकालानंतरच्या खर्ड्यांत त्याच वाक्यांत, त्याच जागी 'डिझाइन', 'डिझाइन प्रपोनन्ट्स' असे शब्द आले. बाकी मजकूर तोच. आणि एका ठिकाणी घाईत जुना शब्द पुरता खोडला गेला नाही. त्याचे आद्याक्षर नव्या शब्दाच्या पुढे आणि शेपूट मागे चिकटून राहिले, व 'सीडिझाइन प्रपोनन्टसिस्ट्स' असा एक अजब प्राणी निर्माण झाला. जुन्या व नव्या जीवजातींना जोडणारे मधले दुवे कोठे आहेत, असे उत्क्रांतीच्या विरोधकांचे नेहमीचे विचारणे असते. हा एक दुवा त्यांच्याच पुस्तकात सापडला.

पण आमच्या वाचकांना विशेष वाटावे ते निराळेच आहे. ह्या खटल्यात कॅथलिक माणसे दोन्ही बाजूंना होती. शाळामंडळाचे प्रमुख तज्ज्ञ साक्षीदार, लीहाय विद्यापीठातील जीवरसायनशास्त्रज्ञ मायकल बीही, हे कॅथलिक. वादींचे पहिलेच साक्षीदार, ब्राऊन विद्यापीठातील केनेथ मिलर, ज्यांच्या पाठ्यपुस्तकावरून हा सारा वाद उपस्थित झाला, तेही कॅथलिक. वादींच्याच बाजूचे तिसरे, जॉर्जटाऊन विद्यापीठातील ईश्वरविज्ञानाचे पंडित जॉन हॉट, हेही कॅथलिक.

प्राध्यापक बीही ह्यांच्याविषयी एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. पृथ्वी सहा हजार वर्षांची आहे असे ते मानीत नाहीत. सर्व सजीवांचे पूर्वज समान होते, हेही त्यांना मान्य आहे. त्यांचा मुद्दा असा की, जिवाणूच्या शेपटीसारखी एखादी यंत्रणा उंदराच्या सापळ्यासारखी असते: एक भाग काढला की सारे निकामी, म्हणून ती टप्प्याटप्प्याने घडणे शक्य नाही. मिलर ह्यांनी ह्यावर सापळ्यातील दोन भाग काढून उरलेल्याची टायपिन होते हे दाखवून दिले आहे. अपुरे यंत्र मूळ कामास निरुपयोगी असले तरी दुसऱ्या कामास उपयोगी पडू शकते. उलटतपासणीत बीही ह्यांच्यापुढे रोगप्रतिकारयंत्रणेच्या उत्क्रांतीवरील ५८ शोधनिबंध व काही ग्रंथ ह्यांची चवड रचण्यात आली. हे पुरेसे नाही, असेच ते म्हणत राहिले. 'वैज्ञानिक सिद्धान्ता'ची त्यांनी केलेली व्याख्या इतकी सैल होती की तिच्यात फलज्योतिषही बसते, हे त्यांना कबूल करावे लागले. ह्यावर आम्ही भारतीयांनी फार हसू नये. आमच्या विद्यापीठांत फलज्योतिषाचे अभ्यासक्रम काढण्याची मुभा २००१ साली विद्यापीठ अनुदान आयोगानेच दिली होती.

मिलर ह्यांनी दिलेला एक पुरावा साध्या भाषेत सांगण्यासारखा आहे. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. चिंपांझी, गोरिला ह्यांच्या पेशीत २४. पूर्वज समान असतील तर एक जोडी गेली कोठे? ती नाहीशी झाली असती तर जीवच जगला नसता. तेव्हा दोन गुणसूत्रे एकमेकांस जोडली गेली असली पाहिजेत, आणि तसे असेल तर सांध्याची खूण सापडली पाहिजे. ती सापडली. प्रत्येक गुणसूत्राच्या टोकांना विशिष्ट खुणा असतात. माणसाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रात त्या टोकांखेरीज मध्येही आढळतात, दोन दोऱ्यांना मारलेल्या गाठीप्रमाणे. सिद्धान्ताने भाकीत करावे, पडताळा पाहावा, आणि उलट निघाल्यास हार पत्करण्याची तयारी ठेवावी; विज्ञान म्हणतात ते ह्याला. रविवारी मिस्सेला गुडघे टेकणारा माणूसच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात हे समजावून देत होता. नोत्र दाम ह्या कॅथलिक विद्यापीठाने २०१४ साली त्यांना आपले मानाचे लेटारे पदक दिले.

हॉट ह्यांनी चहाच्या किटलीचा दाखला दिला. पाणी का उकळते आहे? पाण्याचे रेणू वेगाने हालताहेत म्हणून, हे एक उत्तर. कोणी तरी गॅस पेटविला म्हणून, हे दुसरे. मला चहा हवा आहे म्हणून, हे तिसरे. तिन्ही खरी आहेत. एकाने दुसरे खोटे पडत नाही. मात्र रेणूंच्या हालचालीत शोधून 'मला चहा हवा आहे' हे सापडावयाचे नाही. 'बुद्धिपुरस्सर रचना' परमेश्वराला असे रेणूंच्या गर्दीत शोधू पाहते, निसर्गातील अनेक कारणांपैकी एक करून टाकते. ईश्वरविज्ञानाच्या दृष्टीनेही ते तोकडे आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

ख्रिस्तसभेची भूमिका तरी काय आहे? परमगुरुस्वामी पायस बारावे ह्यांनी १९५० च्या ऑगस्टमध्ये 'हुमानी जेनेरिस' ह्या विश्वपत्रात सांगितले की, मानवी देह पूर्वीच्या सजीव द्रव्यापासून आला असावा काय ह्या प्रश्नाचा तज्ज्ञांनी अभ्यास व चर्चा करण्यास आडकाठी नाही. आत्मा मात्र परमेश्वर स्वतः निर्माण करतो, ही आपली श्रद्धा. संत जॉन पॉल दुसरे ह्यांनी २२ ऑक्टोबर १९९६ रोजी परमगुरुपीठाच्या विज्ञान अकादमीला पाठविलेल्या संदेशात त्यापुढे जाऊन, उत्क्रांतीचा सिद्धान्त हा आता निव्वळ एक तर्क राहिलेला नाही, असे नमूद केले. ह्याचा अर्थ मतभेद संपले असा नव्हे. डोव्हरचा खटला उभा राहण्याच्या थोडे आधी, जुलै २००५ मध्ये, व्हिएन्नाचे कार्डिनल शेनबॉर्न ह्यांनी एका अमेरिकन दैनिकात त्या संदेशाचे महत्त्व कमी लेखणारा लेख लिहिला, आणि व्हॅटिकन वेधशाळेचे संचालक, येशूसंघीय फादर जॉर्ज कॉइन ह्यांनी त्याला जाहीर उत्तर दिले. आणि हा वाद आजचाही नाही. उत्पत्तीच्या पुस्तकावर भाष्य लिहिताना पाचव्या शतकाच्या प्रारंभी संत ऑगस्टीन बजावून गेले आहेत की, आकाश, तारे, प्राणी ह्यांविषयी जे परधर्मीयालाही पक्के ठाऊक आहे त्यावर ख्रिस्ती माणसाने पवित्र शास्त्राच्या नावाने भलतेसलते बोलू नये. ऐकणारा हसेल, आणि मग पुनरुत्थानाविषयीचे आमचे बोलणे तो कसे मानील?

आता त्या साठ प्रतींकडे वळू. खटल्याच्या आधी, ३ जानेवारी २००५ रोजी, शपथेवर झालेल्या जबान्यांत मंडळाचे सभासद बकिंगहॅम व ॲलन बॉन्सेल ह्यांना विचारले गेले की, पुस्तकांसाठी पैसे कोणी दिले? ठाऊक नाही, असा सूर दोघांचा. पुढे खटल्यात जे बाहेर आले ते असे: बकिंगहॅम ह्यांनी आपल्या चर्चमध्ये ह्या पुस्तकांविषयी सांगितले, ८५० डॉलर जमले, त्या रकमेचा धनादेश त्यांनी बॉन्सेल ह्यांच्या हाती दिला आणि बॉन्सेल ह्यांनी तो आपल्या वडिलांकडे पोहोचविला. 'अज्ञात दात्या'चे नाव धनादेशावरच लिहिलेले होते! न्यायमूर्ती इतके अस्वस्थ झाले की वकिलांची तपासणी संपल्यावर त्यांनी स्वतः बॉन्सेल ह्यांना एकामागून एक प्रश्न विचारले. सभांतून आपण 'निर्मितिवाद' हा शब्द कधी उच्चारलाच नाही, असेही बकिंगहॅम सांगत होते. वार्ताहरांनी खोटे छापले, हा त्यांचा आरोप. तेव्हा दूरचित्रवाणीवरील त्यांच्याच मुलाखतीची फीत लावण्यात आली. तीत तो शब्द त्यांच्याच तोंडी होता.

शाळामंडळाची बाजू मांडणारी वकिलांची संस्था संत थॉमस मोर ह्यांच्या नावाची होती. हे संत कोण, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. इंग्लंडच्या राजाने मागितलेली शपथ मनास पटेना म्हणून ती घेण्यापेक्षा १५३५ साली ज्यांनी कुऱ्हाडीखाली मान ठेवली, ते हे. त्यांच्या नावाच्या छायेत ज्यांचा खटला चालला त्यांनी शपथेवर असे बोलावे, ह्यासारखी खेदाची गोष्ट दुसरी आम्हांस दिसत नाही.

४ नोव्हेंबरला सुनावणी संपली. प्रतिवादींच्या एका वकिलाने शेवटी हसत विचारले की, आज चाळिसावा दिवस आणि आजची रात्र चाळिसावी, हे महाराजांनी मुद्दाम योजले होते काय? न्यायमूर्ती उत्तरले की, योगायोग मजेदार आहे खरा, पण त्यामागे कोणाची रचना नव्हती. न्यायालय हास्यात बुडाले. २० डिसेंबर २००५ चे निकालपत्र मात्र हसण्यासारखे नव्हते. १३९ पानांच्या त्या निकालपत्रात 'बुद्धिपुरस्सर रचना' हे विज्ञान नसून निर्मितिवादाचेच नवे नाव आहे आणि सरकारी शाळेत ते शिकविणे घटनाबाह्य आहे, असे ठरले. आपल्या धर्मनिष्ठेचा चारचौघांत अभिमान मिरविणाऱ्या काही व्यक्तींनी खरा हेतू झाकण्यासाठी वारंवार असत्य सांगावे, हा विरोधाभास न्यायमूर्तींनी स्पष्ट शब्दांत नोंदविला. ह्या निकालासाठी त्यांना ठार मारण्याच्या धमक्या आल्या व काही काळ त्यांना संरक्षण द्यावे लागले.

डोव्हरच्या मतदारांनी निकालाची वाट पाहिली नव्हती. ८ नोव्हेंबरच्या निवडणुकीत नऊपैकी आठ जागा लढविल्या जात होत्या, आणि आठही ठिकाणी जुने सभासद पडले. जानेवारी २००६ मध्ये नव्या मंडळाने ते धोरण मागे घेतले. खर्च मात्र नव्या मंडळालाच भरावा लागला: १०,००,०११ डॉलर. दहा लाख वकिलांच्या मेहनतान्याचे. वरचे अकरा, अकरा वादींना नुकसानभरपाई म्हणून प्रत्येकी एक.

आमच्या देशात हा प्रश्न ह्या स्वरूपात आलेला नाही. घटनेच्या २८ व्या अनुच्छेदाप्रमाणे पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही. आणि सरकारी अनुदान वा मान्यता घेणाऱ्या शाळांतही कोणास त्याच्या किंवा पालकाच्या संमतीवाचून धर्मशिक्षणास बसविता येत नाही. आमच्या मिशनशाळा पिढ्यान् पिढ्या हेच पाळीत आल्या आहेत: कॅथलिक मुलांना धर्मशिक्षणाचा तास, इतरांना त्याच वेळी नीतिशिक्षणाचा. वर्गात उत्पत्तीचे पुस्तक व डार्विन ह्यांची झटापट लावण्याचे कोणा फादरांच्या वा सिस्टरांच्या मनात आल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही.

तथापि वारे निराळ्या दिशेने वाहू शकते. २०१८ च्या जानेवारीत केंद्राच्या एका राज्यमंत्र्यांनीच डार्विनचे मत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचे असल्याचे जाहीर केले, तेव्हा देशातील तिन्ही विज्ञान अकादमींना एकत्र येऊन त्याचे खंडन करावे लागले. पुढे २०२३ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक परिषदेच्या, म्हणजे एनसीईआरटीच्या, दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गळाला. महासाथीनंतर मुलांवरील ओझे कमी करणे, हे त्याचे कारण देण्यात आले. डोव्हरसारखा धार्मिक हेतू कोणी बोलून दाखविला नाही, आणि बारावीच्या जीवशास्त्रात तो विषय कायम होता. पण दहावीनंतर वाणिज्य वा कला शाखेकडे वळणाऱ्या मुलाने तो कोठे शिकावा? १,८०० हून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षक ह्यांनी सहीनिशी हाच प्रश्न विचारला. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकात ह्याच सुमारास 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा पहिलाच धडा होता. म्हणजे पुण्याच्या भावाने जे शाळेत वाचले ते इंदूर-ग्वाल्हेरच्या केंद्रीय मंडळाच्या शाळेत शिकणाऱ्या बहिणीच्या पुस्तकात नव्हते. तिच्या पुस्तकातील धड्याचे नाव पूर्वी 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' असे होते, ते नुसते 'आनुवंशिकता' असे झाले. डार्विन गेला, ब्रनोच्या ऑगस्टिनियन मठात वाटाण्याची रोपे लावून आनुवंशिकतेचे नियम शोधणारे धर्मगुरू ग्रेगोर मेंडेल तेवढे त्या धड्यात राहिले.